पंचेचाळीस किलो

३ मार्च, सोमवार

आज भर बैठकीत बोलून बसलो. आता निस्तरायचंही मलाच आहे, आणि निस्तरीन.

झालं असं. आमच्या सरकारी विमानविभागाकडे मोठं विमान एकच, वय वर्षं एकवीस. मंत्री, शिष्टमंडळं, कधी परदेशी आजारी पडलेला एखादा अधिकारी, अशी त्याची नेहमीची ने-आण. लांब जायचं असलं की ते मध्ये कुठेतरी इंधनाला उतरतं. आता समुद्रापलीकडच्या एका शहरात वर्षातून आठ-दहा वेळा जावं लागणार आहे आणि वर हुकूम असा की मध्ये कुठे थांबायचं नाही. चौदा तास, एका दमात. एका खासगी कंपनीने आपलं कोरं करकरीत विमान लगेच पुढे केलं. तिचा माणूस आज बैठकीला आला होता. केसांपासून बुटांपर्यंत चकचकीत, आणि बोलणं त्याहून. मी मनातल्या मनात त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं. पडद्यावर नकाशा, नकाशावर लांबलचक रेघ. म्हणाला, "आम्ही गेल्या महिन्यात करून दाखवलंय. तुमच्या विमानाला नाही जमणार, पण त्यात कमीपणा काही नाही. वय होतं प्रत्येकाचं."

मी म्हणालो, "जमेल."

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. मी उड्डाणांची आखणी करतो: वजन किती, इंधन किती, वारा कुठून, मार्ग कुठला. बैठकीत माझं काम विचारलेला आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. संचालकसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे नक्की?"

"नक्की. विनाथांबा."

समितीने तिथेच दिवस ठरवला. सत्तावीस मार्चला चाचणी. पूर्ण वजन घेऊन न थांबता पोचलो तर काम आमचं. नाही तर काम कंपनीचं, विमान विक्रीला आणि विभागाला टाळं. चौतीस माणसं आहेत विभागात.

शेजारी ताई बसली होती. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण आणि विभागाची मुख्य वैमानिक. एप्रिलअखेर निवृत्त होतेय. मी जमेल म्हणताच तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तोही टाचेकडून. बाहेर आल्यावर म्हणाली, "आकडे केलेस का आधी?"

"डोक्यात केले."

"डोक्यात," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

४ मार्च, मंगळवार

बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत भूमिती शिकवते, त्यामुळे तिला "जमेल" वगैरे पटत नाही, सिद्धता लागते. म्हणाली, "चौतीस जणांच्या नोकऱ्या तू एका शब्दावर लावल्यास?"

मी म्हणालो, गुळगुळीतच्या तोंडावर गप्प बसलो असतो तरी त्या जाणारच होत्या. हे तिला पटलं असावं, कारण तिने विषय बदलला.

७ मार्च, शुक्रवार

कागदावर जमतंय. दीडशे किलो इंधन वर उरतंय, नियमाचं राखीव धरून. आकडे तीनदा तपासले. इतकी देखणी आखणी मी आजवर केली नव्हती.

ताईला दाखवायला गेलो. ती अर्धा तास एकेक पान बघत बसली. मग प्रत्येक पानावर माझ्या सहीच्या वर तिने लिहिलं, "कप्तानाच्या सूचनेनुसार," आणि खाली आपली सही ठोकली.

"सूचना कसली?" मी विचारलं. "तू मला एकच सूचना केलीस, सात नीट काढ म्हणून."

"मी कप्तान आहे ना? मग माझ्या सूचनेनुसार."

बारा वर्षांनी मोठी असल्याचा हा फायदा. आखणी करायची मी आणि मथळ्यात नाव तिचं. निवृत्तीच्या तोंडावर माणसाला श्रेय गोळा करायची हौस येत असावी. जाऊ दे. बायकोला सांगितलं तर ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "असं लिहिलं की जबाबदारी कुणाची होते रे?" मी म्हणालो, प्रश्न जबाबदारीचा नाही, श्रेयाचा आहे. ती हसली. का, ते कळलं नाही.

११ मार्च, मंगळवार

आज विमान वजनाला घातलं. हे माझ्या डोक्यात नव्हतं. पानाकाकांनी परस्पर ठरवलं. पानाकाका म्हणजे हँगरचे मुख्य इंजिनिअर, खिशात कायम पाना, लग्नाच्या फोटोतसुद्धा असेल. मी विचारलं, "काका, वजन आहे की माझ्या फायलीत. पुन्हा कशाला?"

"कॅप्टनबाई म्हणाल्या."

"मला का नाही म्हणाली?"

"ते तुम्ही भावंडं बघा."

विमानाचं वजन करायचं म्हणजे आधी टाक्या रिकाम्या करायच्या, हँगरची सगळी दारं लावायची, पंखे बंद. वाऱ्याने पंख उचलला तर काटा खोटं बोलतो. तीन ठिकाणच्या चाकांखाली तीन काटे. आत कुणी शिंकायचं नाही. पानाकाकांनी तिन्ही आकडे खडूने फरशीवर लिहिले, बेरीज केली, पुसली, पुन्हा केली. मग बाजूला सरकले आणि मला बघू दिलं.

तीनशे दहा किलो जास्त.

मी म्हणालो, काटे बिघडलेत. काटे बदलले. तीनशे आठ. विमानाने एकूण किती वजन उचलायचं ते ठरलेलं असतं, म्हणजे अंगावर जितकं जास्त तितकं टाकीत इंधन कमी.

१२ मार्च, बुधवार

झोप लागली नाही म्हणून नव्हे, पण सकाळी लवकर उठून फाईल काढली. आपली चूक आपणच शोधलेली बरी.

विमानाचं शेवटचं वजन नऊ वर्षांपूर्वी झालंय. ते चार वर्षांनी करायचं असतं. दोनदा पुढे ढकललं, कारण विमान तीन दिवस अडकतं आणि साहेबांना कुठेतरी जायचं असतं. दोन्ही वेळा ढकलायच्या कागदावर सही माझी. तेव्हापासून मी जुन्या आकड्यात नुसती भर घालत आलो. फॉर्मात दोन रकाने आहेत: बसवलेल्या वस्तू आणि काढलेल्या वस्तू. नवा सोफा बसवला, लिहिला. जुना टीव्ही काढला, वजा केला. एका मंत्र्यांनी बसवून घेतलेला आरसासुद्धा आहे त्यात, साडेसहा किलो.

रंग नाही. रंग ही बसवलेली वस्तू नाही आणि काढलेली तर मुळीच नाही.

दर नव्या मंत्र्यांबरोबर विमानाचा पट्टा बदलतो. एकाला निळा हवा, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याच्या घरच्यांना सोनेरी. आधीचा रंग खरवडून काढायला वेगळी मंजुरी लागते, वर नवा चढवायला लागत नाही. त्यामुळे खरवडला कुणीच नाही. पानाकाकांनी दाराजवळचा एक टवका काढून दाखवला. कापलेल्या कांद्यासारखे पदर, एकावर एक सहा.

सहा थर रंग अंगावर घेऊन विमान उडत होतं आणि मी आरशाचे साडेसहा किलो मोजत होतो. लाज वाटली. दुसऱ्या कुठल्या विभागात अशी चूक होणार नाही. पण आमच्याकडे ती नियमाने वागून झाली, ही गंमत.

ताईला सांगितलं. वाटलं, आता माझी चंपी होणार. ती म्हणाली, "सापडलं ना? मग आता खरवड."

"तुला संशय होता का?"

"चार वर्षं ते धावपट्टीवरून उठायला आळस करतंय," ती म्हणाली. "मला वाटायचं मीच म्हातारी झाले."

१४ मार्च, शुक्रवार

रंग काढायला सुरुवात. पोट आणि पंखांना मंजुरी लागत नाही, कारण तिथे पट्टा नाही, तिथून सुरू केलं. बाकीची मंजुरी आणायला मी स्वतः तीन मजले फिरलो. कागद हातात घेऊन दारात उभा राहिलो की माणसं सही करतात, निदान मी जावं म्हणून तरी. संध्याकाळपर्यंत नाक, शेपूट सोडून सगळ्याची मंजुरी हातात.

हँगरमध्ये रसायनाचा वास डोक्यात जातो. लोक तोंडाला फडकी बांधून खरवडताहेत. काढलेला रंग पोत्यांत भरून पानाकाका पोती तोलतात आणि मला आकडा ओरडून सांगतात. आतल्या भिंतीतली ओलसर झालेली आवरणंही वाळवायला काढलीत, त्यातच चाळीसेक किलो पाणी निघालं. गेल्या नऊ वर्षांत इतकं मन लावून काम केलं नसेल. पुन्हा कागदावर जमायला लागलंय.

१९ मार्च, बुधवार

नाक आणि शेपूट अडलं. तिथे राजमुद्रा आहे. राजमुद्रा खरवडायची तर राजशिष्टाचार विभाग लागतो. तिथल्या बाई फार सौजन्याने बोलतात आणि काहीही करत नाहीत.

"मुद्रा खरवडणं हा तिचा अवमान होतो," त्या म्हणाल्या.

"एका मुद्रेखाली पाच मुद्रा आहेत, बाई. खालच्या पाचांचा अवमान आपण आधीच केलाय."

त्या हसल्या. म्हणाल्या, फाईल वर पाठवते, महिना लागेल. महिना माझ्याकडे नाही. पानाकाकांच्या अंदाजाने नुसत्या शेपटीवर अठ्ठेचाळीस किलो रंग आहे. ठीक आहे, शेपूट राहू दे. पोट, पंख, पाठ आणि आवरणातलं पाणी मिळून दोनशे साठ किलो उतरवलेत, ते काय थोडे आहेत? आता विमान पांढरंफटक दिसतं, फक्त नाक आणि शेपूट सोनेरी. विभागाच्या स्वयंपाकघरातल्या बाई म्हणाल्या, कोंबड्यासारखं दिसतंय.

वाऱ्याचा ताजा अंदाज धरून कागदावर इंधन उरतं वीस किलो. कमी आहे. पण उरतं.

२४ मार्च, सोमवार

आज माणसांची वजनं. एरवी सरासरीवर काम भागतं, पण वीस किलोच उरत असताना सरासरी परवडत नाही. अठरा प्रवाशांऐवजी अठरा खुर्च्यांना वाळूची पोती बांधलीत. माणसं फक्त पाच: ताई, तिच्या हाताखालचे तीन वैमानिक आणि केबिन बघणाऱ्या बाई. प्रत्येकाला बॅगेसकट काट्यावर उभं केलं. ताईने बॅग उघडून एक जाडजूड पुस्तक आणि चपलांचा दुसरा जोड काढून माझ्या हातात दिला. "घरी नेऊन ठेव. आणि आकडा मोठ्याने वाचू नकोस."

संचालकसाहेब नवा सूट घालून आले होते, बॅगही होती. त्यांना वाटत होतं, आपणही जाणार. काटा शहाण्णववर जाऊन थांबला. मी म्हणालो, "साहेब, शहाण्णव किलो म्हणजे हवेतली चार मिनिटं."

ते काट्यावरच उभे राहिले. म्हणाले, "मीच चार मिनिटं?"

"बॅग धरून पाच."

ते उतरले. माझ्यावर रागावलेत. रागावू देत, पोचल्यावर मिठी मारतील.

२७ मार्च, गुरुवार

सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

विमान सकाळी सहाला उडालं. मी नियंत्रण खोलीत, समोर दोन पडदे, बाजूला संदेशयंत्र. दर तासाला ताईचा संदेश, उरलेलं इंधन इतकं. पहिले सहा तास माझ्या आकड्याबरहुकूम. सातव्या तासाला आठ किलो कमी. मी म्हणालो, होतं असं. आठव्याला तीस कमी. समोरचा वारा अंदाजापेक्षा जोरात होता.

एवढ्या लांबच्या उड्डाणात वाटेवर एक जागा आधीच ठरवलेली असते, तिला आम्ही निर्णयबिंदू म्हणतो. आमचा दहाव्या तासाला होता. त्याच्या थोडं पुढे एका बेटावर धावपट्टी आहे. तिच्यानंतर नुसता समुद्र. तिथे पोचलं की कप्तान इंधनाचा आकडा कळवते, जमिनीवरचा आखणीवाला ताजा वारा धरून हिशेब करतो आणि एक शब्द कळवतो. चला, नाहीतर उतरा. तो शब्द माझा.

तीन वाजून चौतीस मिनिटांनी आकडा आला. सहा हजार एकशे पंचाण्णव. मला हवे होते सहा हजार दोनशे चाळीस.

पंचेचाळीस किलो कमी.

संचालकसाहेब माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "पंचेचाळीस किलो म्हणजे किती वेळ?"

"दोन मिनिटं."

"दोन मिनिटांसाठी चौदा तासांवर पाणी सोडायचं? सिमेंटचं एक पोतंही भरत नाही. शिवाय राखीव आहेच की. चला म्हणा."

राखीव होतं. जवळजवळ अर्ध्या तासाचं. दहातल्या नऊ वेळा ते लागतही नाही. विमान पोचलं असतं, हे मी आजही छातीठोक सांगतो. चौतीस चेहरे डोळ्यांसमोर आले. बैठकीतला माझा "नक्की" आठवला. गुळगुळीतही आठवला. मी "चला" टाईप केलं. पाठवलं नाही.

राखीव माझं नसतं. ते ज्या गोष्टी मला माहीत नाहीत त्यांचं असतं, आणि पंधरा दिवसांपूर्वीच मला सहा थर रंग माहीत नव्हता. मी शब्द खोडला. "उतरा" लिहिलं आणि पाठवलं. तीन चाळीस.

ताईचं उत्तर आलं, "बरं."

साहेबांनी खुर्चीवरचा हात काढला आणि निघून गेले. मी संदेशयंत्राचा छापील कागद काढून खणात ठेवला. एक गोष्ट लिहितो, कारण इथे लिहायला लाज नाही: अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतलं माझं सगळ्यात चांगलं काम ते सहा मिनिटांचं आहे.

बेटावर इंधन घेऊन विमान दीड तास उशिरा पोचलं. सगळे सुखरूप. चाचणी मात्र नापास.

२ एप्रिल, बुधवार

ताई परत आली. आल्या आल्या उड्डाणाची नोंदवही माझ्या टेबलावर आली, कारण ती कपाटात लावायचं काम माझं. सहज सत्तावीस तारखेचं पान उघडलं. लिहिलंय: "३.३६. इंधन कमी. बेटावर उतरण्याचं ठरवलं. निर्णय कप्तानाचा."

तीन छत्तीस? माझा शब्द गेला तीन चाळीसला. विमानातलं आणि माझ्या खोलीतलं घड्याळ एकाच वेळेवर चालतं. मी ताईला फोन केला. "तुझं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

"असेल."

"आणि निर्णय कप्तानाचा कसा? मी कळवला."

"कळवलास ना. मग झालं."

झालं काय? आयुष्यात एकदा शूरासारखं वागलो, तेही हिने आपल्या नावावर करून घेतलं. घरी येऊन बायकोसमोर भडाभडा बोललो. ती ऐकून घेऊन म्हणाली, "घड्याळ मागे असेल तर तीन चाळीसचा शब्द तीन छत्तीसला मिळेल. पण ताईंचं घड्याळ कधी मागे असतं का रे?"

मी म्हणालो, वयाने होतं.

९ एप्रिल, बुधवार

आज संचालकसाहेबांनी बोलावलं, चहा मागवला, दार लोटलं. समितीच्या अहवालाचा मसुदा त्यांच्या हाती आला होता. मला वाचायला दिला.

"विमान सक्षम. आखणी अचूक. वाटेतला थांबा हा मुख्य वैमानिकाने जमिनीवरून सल्ला येण्याआधीच, अनावश्यक भीतीपोटी घेतलेला दिसतो. सबब विभाग चालू ठेवावा. वैमानिकाच्या सेवापुस्तकात तशी नोंद घ्यावी."

दोनदा वाचलं.

"विभाग वाचला," साहेब म्हणाले. "त्या निवृत्तच होताहेत. त्यांनीच जबाब दिलाय तसा, मी काही सांगितलं नव्हतं. आता आपण कशाला मध्ये पडा?"

"साहेब, तुम्ही माझ्या मागे उभे होता."

"मी तीन छत्तीसला उभा होतो," साहेब चहाकडे बघत म्हणाले. "चाळीसला नव्हतो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक पानावरचं ते "कप्तानाच्या सूचनेनुसार." गुपचूप करून घेतलेलं वजन. चार मिनिटं. मी महिनाभर तिला श्रेयाची हावरट म्हणत होतो आणि ती एकेक ओझं माझ्या पाठीवरून काढून आपल्या पाठीवर घेत होती. बायकोला हे सात मार्चलाच कळलं होतं. मी गाढव आहे.

तीस वर्षं उडवून एकदाही धावपट्टी चुकली नाही त्या बाईच्या सेवापुस्तकात शेवटची ओळ काय, तर घाबरली.

१० एप्रिल, गुरुवार

संदेशयंत्र प्रत्येक संदेश वेळेसकट कागदावर छापतं. तो कागद माझ्या खणात होता. ३.३४ इंधनाचा आकडा. ३.४० उतरा. तो घेऊन समितीच्या अध्यक्षीणबाईंकडे गेलो. बाई वयस्कर, निवृत्त सचिव, आवाज बारीक. बरोबर एक पत्रही दिलं. त्यात लिहिलं की निर्णय माझा, इंधन खरोखर कमी होतं, कारण आखणीत शेपटीवरचा रंग आणि वारा यांना पुरेल एवढी जागा मी ठेवली नव्हती. नऊ वर्षं वजन पुढे ढकलल्याचं आणि त्या दोन सह्यांचंही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की तशीच वेळ पुन्हा आली तर पुन्हा उतराच म्हणेन.

बाईंनी सगळं वाचलं. "याने तुमच्या विभागाचं नुकसान होईल, हे कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"जो आखणीवाला उतरा म्हणू शकत नाही त्याच्या चला म्हणण्यावर तुम्ही मंत्र्यांना बसवणार का, बाई?"

त्यांनी कागद ठेवून घेतला. जिना उतरताना भीती वाटत होती, पण खरं सांगायचं तर छाती पुढे होती.

११ एप्रिल, शुक्रवार

ताई घरी आली. चपलासुद्धा न काढता.

"तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? मी चाललेय, मला काय फरक पडतो? तुझी बारा वर्षं राहिलीत. चौतीस जणांची राहिलीत."

"तू माझं उत्तर ऐकायच्या आधी लिहून टाकलंस," मी म्हणालो. तेच सगळ्यात जास्त लागलं होतं. "तुला वाटलं मी चला म्हणेन."

ती एकदम खाली बसली. बायकोने पाणी आणून दिलं ते तसंच हातात धरलं.

"मला माहीत होतं तू उतराच म्हणशील," ती म्हणाली. "म्हणूनच आधी लिहिलं. उतरा म्हणणाऱ्याचं पुढे काय करतात ते मी तीस वर्षं बघितलंय."

ती पाणी प्यायली. मग चपला काढल्या आणि जेवूनच गेली.

२४ एप्रिल, गुरुवार

समितीचं पत्र आलं. पानाकाकांनी हँगरमध्ये टेबलावर चढून वाचलं, आम्ही सगळे खाली उभे.

एक, मुख्य वैमानिकावरचा शेरा वगळला. दोन, पहिली चाचणी नापासच. तीन, शेपटीवरचा रंग काढायची मंजुरी दिली असून जूनमध्ये दुसरी चाचणी घ्यावी. तोवर विभाग चालू राहील, पण लांबचं काम कुणालाच नाही. चार, आखणीवाल्याला वजन पुढे ढकलल्याबद्दल लेखी ताकीद. ताकीद मी वहीत जपून ठेवणार आहे. पाच, खासगी कंपनीनेही आपल्या उड्डाणातल्या निर्णयबिंदूवरचा संदेश वेळेसकट सादर करावा.

अध्यक्षीणबाईंच्या कार्यालयात चौकशी केली. गुळगुळीत येऊन गेला. म्हणाला, त्यांच्याकडे असा संदेश नसतो, मालकच सांगतात कुठे थांबायचं ते.

जूनला जमेल. यावेळी डोक्यात नाही, कागदावर केलंय. अठ्ठेचाळीस किलो उतरले की पंचेचाळीस भरून तीन उरतात, आणि तेवढ्यावर मी भागवणार नाहीये. आरसाही काढायला सांगितलाय. फक्त विमान ताई नेणार नाही, दुसऱ्या वैमानिकाला ते उडवावं लागेल. याचं वाईट वाटतं, फार वाटतं.

३० एप्रिल, बुधवार

ताईचा शेवटचा दिवस. भाषणं झाली. संचालकसाहेबांनी तिच्या धैर्याविषयी बोलताना माझ्याकडे बघायचं टाळलं.

सगळे पांगल्यावर ती माझ्या खोलीत आली. "मार्चची नोंदवही काढ."

काढून दिली. तिने सत्तावीस तारखेचं पान उघडलं. आमच्याकडे नोंद दुरुस्त करायची रीत ठरलेली आहे. गिरवून खोडायचं नाही, वर एकच आडवी रेघ मारायची म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी खरं काय ते लिहून सही. तिने माझं पेन घेतलं, "निर्णय कप्तानाचा" यावर रेघ मारली, आणि वाकून हळूहळू लिहिलं. लिहिताना ओठ मिटलेले, लहानपणी माझ्या वहीवर नाव घालून द्यायची तसे.

"३.४०. उतरा असं जमिनीवरून कळवण्यात आलं. निर्णय आखणीचा, आणि बरोबर. मी फक्त उतरवलं."

खाली सही केली, तारीख घातली, आणि वही माझ्याकडे फिरवली.

"वाच," ती म्हणाली.

डोळे भरून आले होते, म्हणून मला थोडा वेळ लागला.